कापलेल्या बातमीआधी काकूंचे बघ

माण तालुक्यातील एका गावातून, यंदा दहावी झालेल्या मुलीचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातील मुद्द्याचा भाग येथे देत आहे.

«उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला शालेय मुलांसाठी भरलेल्या पत्रकारितेच्या शिबिराला गेले होते. शेवटी प्रत्येकाने एक बातमी लिहायची आणि ती शिबिराच्या अंकात छापायची, असे ठरले होते. मी आमच्या गावच्या पाण्याच्या टँकरवर लिहिले. सुमारे सातशे शब्दांची माझी बातमी सरांनी दोनशे शब्दांवर आणली. शेजारच्या काकूंचे म्हणणे, त्यांचे नाव आणि टँकरच्या खेपा रस्त्यावरच्या हॉटेलला जातात हा मुख्य मुद्दाच त्यांनी गाळला. काकूंना मी शिबिरासाठी लिहीत असल्याचे सांगितले होते. माझ्याबरोबरच्या एका मुलाने कंदी पेढ्यांवर लिहिले, ते मात्र पहिल्या पानावर आले. मला इतका राग आला की घरी परतल्यावर मी मूळ बातमी काकूंचे नाव आणि फोटो यांसह गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी सरपंच वडिलांना भेटून गेले. काकू माझ्याशी बोलत नाहीत. वडील म्हणतात, हे खूळ सोड आणि सायन्सला जा. मी खरे तेच लिहिले होते. मग माझे काय चुकले, आणि मी पत्रकार होऊ शकेन का? मूळ कॉपी आणि सरांनी कापलेली कॉपी, दोन्ही सोबत पाठवत आहे.»

प्रिय मुली,

तुझे आणि तुझ्या गावाचे नाव मी छापलेले नाही. तू तशी विनंती केली नव्हतीस, तरीही छापलेले नाही, आणि त्याचे कारण पुढे तुझ्या लक्षात येईलच.

तुझ्या पत्रात सरांविषयी दोन पाने आहेत, वडिलांविषयी अर्धे पान आहे आणि काकूंच्या अबोल्याविषयी अवघे एक वाक्य आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीचे ते एक वाक्यच आहे. बातमी कापली गेली, त्याचे दुःख पंधरा दिवसांनी ओसरेल. काकूंना मात्र उद्या सकाळी पुन्हा त्याच टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभे राहायचे आहे. पाइप ज्यांच्या हातात असतो आणि कोणाचा हंडा आधी भरायचा हे जे ठरवतात, त्यांनीही तुझा मजकूर वाचलेला आहे. घरकुलाची यादी असो, रोजगार हमीचे काम असो की एखादा साधा दाखला असो, गावातील माणसाचे ग्रामपंचायतीशी वर्षभर काही ना काही काम पडते. तू जुलैपासून अकरावीला बाहेर जाशील, पण काकू तिथेच राहणार आहेत.

तू म्हणतेस की मी शिबिरासाठी लिहीत आहे, हे त्यांना सांगितले होते. ते खरे मानले तरी त्यांनी होकार दिला तो शिबिराच्या अंकासाठी. साताऱ्यातील वीस-पंचवीस मुले आणि त्यांचे पालक वाचतील, एवढाच त्याचा आवाका होता. गावाच्या ग्रुपवर, जिथे सरपंच, ग्रामसेवक, टँकरचा चालक आणि कदाचित तो हॉटेलवालाही आहे, तिथे आपले नाव फोटोसह जावे, यासाठी त्यांनी होकार दिलेला नव्हता. शिवाय त्या एका बातमीदाराशी बोलत आहेत असे त्यांना कितपत वाटले असेल, याचीही मला शंका आहे. लहानपणापासून अंगणात खेळताना पाहिलेल्या मुलीशी माणूस ज्या मोकळेपणाने बोलतो, त्याच मोकळेपणाने त्या बोलल्या असाव्यात. अशा वेळी बोलणाऱ्याला आपल्या शब्दांचे पुढे काय होणार आहे, हे समजावून सांगण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची असते. ऐकणारी सोळा वर्षांची असली तरी ती कमी होत नाही.

म्हणून आधी काकूंकडे जा. आईला बरोबर घे. वही आणि फोन घरी ठेव. गेल्यावर स्वतःची बाजू मांडत बसू नकोस आणि सरांनी कसा अन्याय केला तेही सांगू नकोस, कारण त्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नाही. तुमचे नाव न विचारता सगळ्यांसमोर टाकले, ते मी करायला नको होते, एवढे स्पष्ट शब्दांत सांग आणि कोण काही बोलले का, पाण्यावरून कोणी अडवले का, हे विचार. त्या रागावतील. कदाचित दारातूनच परत पाठवतील. पाठवले तर दोन दिवसांनी पुन्हा जा. कोणी खरोखर त्रास देत असल्याचे त्यांनी सांगितले, तर ते मनात ठेवू नकोस. वडिलांच्या आणि शाळेतील तुझ्या विश्वासाच्या शिक्षकांच्या कानावर घाल, कारण तिथून पुढचे काम मोठ्यांचे आहे.

ग्रुपवरचा मजकूर तुला स्वतःला आता काढता येत नसेल, तर ग्रुपच्या ॲडमिनला सांगून तो काढून घे. लोकांनी तो आधीच पुढे पाठवला असेल, त्याला इलाज नाही. पण नुसता गुपचूप काढूही नकोस, कारण गुपचूप काढलेल्या मजकुरावर गावात दुप्पट चर्चा होते. खाली दोन ओळी लिही: «टँकरविषयीचा माझा लेख मी काढून घेतला आहे. त्यातील व्यक्तीचे नाव आणि फोटो मी त्यांची परवानगी न घेता येथे टाकला होता, आणि खेपांविषयीची माहिती मी तपासलेली नव्हती.» एवढेच. काकू तसे बोलल्याच नव्हत्या किंवा त्यांचा गैरसमज झाला होता, असे सुचवणारे एक अक्षरही त्यात येऊ देऊ नकोस. सरपंचांनी तसे लिहायला सांगितले तरीही नाही. स्वतःची चूक मान्य करताना दुसऱ्याला खोटे पाडायचे नसते.

आता कात्रीविषयी. मी दोन्ही कॉपी शेजारी ठेवून वाचल्या. तुझ्या मूळ कॉपीचे पहिले दीडशे शब्द आग ओकणारा सूर्य, भेगाळलेली जमीन आणि आसुसलेले डोळे यांच्यावर खर्च झाले आहेत. ते सरांनी एका रेघेत उडवले, आणि तिथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. माणमध्ये मे महिन्यात ऊन असते, हे सातारा जिल्ह्यातील वाचकाला सांगावे लागत नाही. त्याउलट तिसऱ्या परिच्छेदात एक आजी टँकरखाली गळणारे पाणी तांब्यात धरत होत्या आणि त्यांचा तांब्या भरेपर्यंत मागची बाई हंडा पुढे सरकवत नव्हती, असे तू लिहिले आहेस. ते तू डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि तुझ्याखेरीज कोणी लिहिलेले नाही. बातमीची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. सरांनी सूर्याबरोबर त्या आजींनाही कापले, ही माझ्या मते त्यांची चूक आहे.

खरा वाद आहे तो पुढच्या वाक्याचा. तू लिहिलेस: «टँकर आठवड्यातून दोनदाच येतो आणि उरलेल्या खेपा रस्त्यावरच्या हॉटेलला जातात, हे सगळे गाव जाणते.» सरांनी समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले, «कोण जाणते?», आणि अख्खे वाक्य खोडले. तुला तो शेरा खवचट वाटला, पण तो साधा, सरळ प्रश्न आहे. या एका वाक्यात दोन वेगवेगळी विधाने आहेत. टँकर किती वेळा येतो, हे मोजता येते. खेपा हॉटेलला जातात, हा मात्र कोणावर तरी केलेला चोरीचा आरोप आहे. तो नाव न घेता केला तरी गावात टँकरचा कंत्राटदार कोण आणि हॉटेल कोणाचे, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे नाव घेतल्यासारखेच आहे. असा आरोप पुराव्याशिवाय छापला तर बदनामीचा खटला होऊ शकतो. पूर्वी ते कलम भारतीय दंड संहितेत होते, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पहिले विधान सरांनी तुला तपासायला लावून ठेवायला हवे होते आणि दुसरे काढायलाच हवे होते. त्यांनी दोन्ही एकाच फटक्यात खोडली आणि का खोडली हे सांगितले नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्री अकरा वाजता उपसंपादकाला समजावत बसायला वेळ नसतो, हे मान्य. पण शिबिर मुलांना शिकवण्यासाठी असते, तिथे वेळ काढायलाच हवा. तुझा राग एवढ्यापुरता रास्त आहे.

शिबिरात तुम्हाला आगरकर आणि टिळक यांच्याविषयी सांगितले गेले, असे तू लिहितेस आणि «ते तुरुंगात गेले पण मागे हटले नाहीत» हे उदाहरण माझ्यापुढे ठेवतेस. आगरकर तुमच्याच जिल्ह्यातील, कराडजवळच्या टेंभूचे, तेव्हा ते प्रकरण जरा नीट पाहू. 1881 च्या जानेवारीत «केसरी» आणि «मराठा» सुरू झाले, आणि वर्षभरातच कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातम्या या वर्तमानपत्रांनी आक्रमकपणे मांडल्या. त्या छळामागे संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे आहेत, हे दाखवणारी म्हणून जी पत्रे आगरकर-टिळकांच्या हाती आली, त्यांच्या आधारावर मजकूर छापला गेला. बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून 101 दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले. सुटल्यावर लोकांनी दोघांना डोक्यावर घेतले, आणि त्यांच्या हेतूविषयी तेव्हाही कोणी शंका घेतली नाही, आजही घेत नाही. पण हेतू स्वच्छ होता म्हणून बनावट पत्रे खरी ठरली नाहीत. मागे न हटण्याचा धडा तू त्यातून घेतलास तो घे. त्याबरोबर हाती आलेला कागद तपासण्याचा धडाही त्याच प्रकरणात आहे, आणि शिबिरांमधून तो सहसा सांगितला जात नाही.

«मी खरे तेच लिहिले» असे तू म्हणतेस. ते खरे असेलही. पण तुला ते खरे असल्याचे माहीत आहे का? आपण तुझाच एक आकडा घेऊ. तुझ्या कॉपीत गावाची लोकसंख्या 1,800 दिली आहे. राज्यात टंचाईच्या काळात ग्रामीण भागाला टँकरने पाणी देताना माणशी दररोज 20 लिटर असा निकष धरतात. म्हणजे गावाला दिवसाला 36,000 लिटर पाणी मिळायला हवे. टँकर 12,000 लिटरचा असेल तर दिवसाला तीन खेपा झाल्या, आठवड्याच्या एकवीस. तू लिहितेस, आठवड्याला दोन. या दोन आकड्यांत इतके अंतर आहे की तुझा आकडा बरोबर असेल तर तोच मथळा व्हायला हवा होता, आणि चुकीचा असेल तर बातमीला आधारच राहत नाही. मधल्याही शक्यता आहेत. टँकर गावाच्या विहिरीत रिकामा होत असेल आणि तुमच्या आळीत आठवड्यातून दोनदाच येत असेल. वाड्यावस्त्यांच्या खेपा वेगळ्या धरल्या असतील. नळपाणी योजना अर्धवट चालू असल्यामुळे मंजुरीच कमी खेपांची असेल. यांतील काय खरे आहे, हे तुला, मला आणि सरांनाही बसल्या जागी सांगता येणार नाही. पण शोधता येईल.

कारण टँकर हा गावात सहजासहजी येत नाही, त्याच्यामागे कागदांची एक साखळी असते. ग्रामपंचायत ठराव करते, प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी पाहणी करतात, आणि मंजुरी देताना गावाला किती खेपा हे ठरते. टँकर कुठे भरला, कुठे रिकामा केला याची नोंद लॉगबुकात होते, तिच्यावर गावातील सह्या घेतल्या जातात, आणि टँकरवर जीपीएसही लावलेले असते, कारण कंत्राटदाराचे बिल या नोंदींवरच निघते. मंजूर खेपा किती, लॉगबुकात लागलेल्या खेपा किती आणि गावाने प्रत्यक्ष पाहिलेल्या खेपा किती, हे तीन आकडे एकाखाली एक मांडले की हॉटेलचे नाव न घेता बातमी उभी राहते. तिसरा आकडा तूच काढू शकतेस. यंदा पावसामुळे टँकर बंद झाले असतील तर पुढच्या मार्चपर्यंत थांब. टँकर कोणत्या दिवशी, किती वाजता आला, कुठे उभा राहिला, क्रमांक काय, हे आई आणि दोन मैत्रिणी यांच्या मदतीने महिनाभर वहीत लिही. हे काम कंटाळवाणे आहे. बातमीदारीतील बरेचसे काम असेच असते, आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी टाळ्या मिळतात तेव्हा ते कोणी सांगत नाही.

पहिले दोन आकडे माहितीच्या अधिकारात मिळतात. 2005 च्या या कायद्याने दिलेला अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, विषय एकच ठेवायचा असतो, मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा असतो, आणि जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते. पण हा अर्ज तू एकटीने, तुझ्या नावाने, आत्ता करू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. लहान गावात अर्जदाराचे नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते, आणि तुझे घर आत्ताच एका भेटीला सामोरे गेले आहे. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्या ना कोणत्या दैनिकाचा वार्ताहर असतोच. हॉटेलचा मुद्दा त्याच्याकडे दे आणि बाजूला हो. त्याच्याकडे ओळखपत्र आहे आणि पाठीशी वर्तमानपत्र आहे. तुझ्याकडे यांतील काही नाही, आणि सोळाव्या वर्षी ते नसणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

बातमीत आणखी एक जागा रिकामी आहे. ग्रामसेवक आणि सरपंच यांना तू एकदाही विचारलेले नाहीस. «ते खोटेच सांगितले असते» असे तू पत्रात म्हणतेस. सांगू देत. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे बातमीत येते ते त्याच्यावरील उपकार म्हणून नव्हे. बऱ्याचदा त्याच्या उत्तरातच नवी माहिती असते. मंजुरीच कमी खेपांची आहे असे ग्रामसेवक म्हणाले असते, तर तुझी बातमी हॉटेलकडून तहसील कचेरीकडे वळली असती आणि कदाचित अधिक मोठी झाली असती.

पेढ्यांच्या लेखावरचा तुझा राग मात्र सोड. तो लेख तू सोबत पाठवला नाहीस, पण तुझ्याच वर्णनावरून दिसते की त्या मुलाने तीन दुकानांत जाऊन खवा किती वेळ भाजतात, पहाटे भट्टी किती वाजता पेटते आणि दुधाचा भाव वाढल्यावर पेढ्याचा किती वाढला, हे विचारून लिहिले. त्याचा विषय तुझ्याइतका गंभीर नव्हता, पण त्याची कॉपी पूर्ण होती. संपादक पान लावताना समोर आलेली कॉपी पाहतो.

वडिलांविषयी थोडेच लिहितो. सरपंच घरी येऊन गेल्यावर त्यांनी तुला मारले नाही, फोन काढून घेतला नाही, फक्त सायन्सला जा म्हणाले, असे तूच लिहितेस. माझ्या वाचण्यात येणाऱ्या पत्रांतील पालकांच्या मानाने हे बरेच समंजस गृहस्थ दिसतात. ते घाबरलेले आहेत आणि त्यांना घाबरण्याचे कारण तू दिले आहेस. काकूंकडे जाऊन आल्यावर त्यांच्यापाशी बस, सरपंच नेमके काय बोलले ते विचार, आणि यापुढे गावाविषयी काही लिहिलेस तर बाहेर जाण्याआधी त्यांना वाचायला देईन, असे सांग. लिहिण्याची परवानगी मागू नकोस, वाचायला देण्याचे कबूल कर.

सायन्सला जाण्याने पत्रकारितेचा रस्ता बंद होत नाही. पदवीनंतरच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम चालतो, आणि बारावीनंतर लगेच या विषयाकडे वळायचे असेल तर मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांत जनसंज्ञापनाची पदवी घेता येते. पाण्याच्या तपासणीचा अहवाल, धरणाचा साठा, रुग्णालयाची आकडेवारी किंवा जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचता येणारी माणसे मराठी वर्तमानपत्रांना हवी आहेत आणि ती कमी आहेत. तेव्हा भौतिकशास्त्र आणि गणित तुला आवडत असेल तर खुशाल सायन्स घे, आवडत नसेल तर वडिलांना तसे सांगून कला शाखा घे, पण सरपंच घरी येऊन गेले म्हणून शाखा ठरवू नकोस.

पत्रकार होशील का, याचे उत्तर मला देता येणार नाही. त्या तांब्याचे वाक्य वाचून मला तुझे पुढचे लिखाण वाचावेसे वाटले, एवढे मात्र सांगतो.

सरांना एक पत्र लिही. त्यात राग नको आणि क्षमायाचनाही नको, कारण त्यांचा तू काही अपराध केलेला नाहीस. अंक हाती पडल्यानंतर मूळ मजकूर परस्पर ग्रुपवर टाकला आणि त्यातून काय झाले, हे मात्र त्यांना सांग, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ते मुलांना बोलणाऱ्याच्या परवानगीविषयी पहिल्याच दिवशी सांगतील. मग विचार की आजींचा परिच्छेद का काढला. जागा नव्हती म्हणून, की तो त्यांना बातमीत बसत नाही असे वाटले म्हणून? दोन्ही कॉपींच्या छायाप्रती सोबत जोड आणि मूळ कागद स्वतःजवळ ठेव.

तुझा,
सदरलेखक